अक्षतेचा फोटो

जहिराचं आणि तिच्या अब्बांचं जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर एकमत होतं. चहात आलं किती, शटर किती वाजता वर करायचं, कुठल्या गिऱ्हाइकाचं किती ऐकून घ्यायचं, कशावरूनही वाद नाही. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. फोटोत माणसाच्या मागे जे असतं ते दिसावं, की पुसट व्हावं?

जामखेडच्या एसटी स्टँडासमोर बाबाजान शेखांचा फोटो स्टुडिओ आहे. त्याला बत्तीस वर्षं झाली. आसपासच्या गावांतल्या कितीतरी लग्नांचे अल्बम या दुकानातून बाहेर पडलेत. बाबाजानची रीत एकदम सरळ होती. लेन्सच्या आत पात्यांचं एक भोक असतं. ते बारीक केलं की जवळचं आणि लांबचं, दोन्ही स्वच्छ येतं. पार उघडलं की जिथे नेम धरला तेवढंच स्वच्छ येतं आणि त्याच्या पुढचं-मागचं सगळं विरघळतं. गंमत अशी की भोक जितकं बारीक तितका त्याचा आकडा मोठा, आणि बाबाजानचा आकडा कायम मोठाच. आठ, नाहीतर अकरा. मांडवातला शेवटच्या रांगेतला म्हातारासुद्धा त्यांच्या फोटोत मिशीसकट ओळखू यायचा.

“लोक लग्नाला यष्टी बदलून येत्यात,” ते म्हणायचे. “ठेवणीतलं लुगडं नेसून, फेटा बांधून. अन् तू त्यांचं धुकं करतीस व्हय?”

जहिराला धुकंच आवडायचं. नगरला राहून ती फोटोग्राफीचा कोर्स करून आली होती आणि येताना एक नवी लेन्स घेऊन आली होती. ती पार उघडली की मागचे दिवे म्हणजे नुसते मऊ गोळे. हल्लीच्या नवऱ्या मोबाईल पुढे करून सांगायच्या, “ताई, मागचं ब्लर पाहिजे बरं का.” जहिरा विजयी मुद्रेनं अब्बांकडे बघायची. अब्बा लगेच फोटोला लावायच्या कोपऱ्यांचं पाकीट शोधायला लागायचे. ते पाकीट त्यांच्या खिशातच असायचं.

पण याच बाबाजानच्या अल्बममध्ये एक फोटो उलटा असायचा. अंतरपाट खाली पडतो, अक्षता उडतात आणि नवरानवरी पहिल्यांदा एकमेकांना बघतात, तो फोटो. त्या एकाच फोटोला ते लेन्स पार उघडायचे. मंगलाष्टकं त्यांना भटजींइतकीच पाठ होती. शेवटचं कडवं सुरू झालं की त्यांचं बोट जुन्या लेन्सचं कडं न बघता फिरवायचं, कट् कट् कट्, आणि फोटो निघाला की पुन्हा कट् कट् कट् अकरावर. जहिरानं कितीदा विचारलं होतं, का म्हणून. “आसंच आसतं,” एवढंच उत्तर. मग तिनं स्वतःपुरता अर्थ लावून टाकला. रोलच्या जमान्यात मांडवात उजेड पुरत नसणार, तेव्हाची सवय लागली, ती सुटली नाही. म्हातारी माणसं, दुसरं काय!

यंदा मे महिन्यात बाबाजानच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. “मला बी नवी लेन्स बसवली,” असं ते येईल त्याला सांगत होते. पण डॉक्टरांनी ऊन, धूळ आणि चुलीचा धूर महिनाभर बंद केला, म्हणजे लग्नं बंद केली. नेमकी त्याच आठवड्यात खर्डा रोडवरच्या वस्तीवर गोरक्ष आणि आक्काबाईच्या धाकट्या लेकीच्या, ज्ञानेश्वरीच्या लग्नाची अक्षत होती. गोरक्षला सांगितलं, जहिरा एकटी येईल, चालेल का? तो म्हणाला, “चालंल की. कॅमेरा तर तोच हाय ना?” जहिरानं हे मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं आणि दिवसभर लावून घेतलं.

त्याच घरच्या थोरल्या लेकीचं, कालिंदाचं लग्नही बाबाजाननीच टिपलं होतं, नऊ वर्षांपूर्वी. पुढचं सगळ्या जामखेडला माहीत होतं. वर्ष भरायच्या आत तिचा नवरा गेला. श्रीगोंद्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली वळणावर उलटली. कालिंदा माघारी आली, शिवणकाम शिकली, आणि आता स्टुडिओपासून तीन गाळे सोडून तिचा शिवणक्लास आहे. जहिराचे दोन ड्रेस तिनंच शिवलेत.

निघायच्या सकाळी अब्बांनी डोळ्याला हिरवी पट्टी लावलेल्या अवस्थेत पलंगावरूनच सूचना दिल्या. “समदं अकरावर काढ. गर्दीत घाई करू नको. मामाच्या फेट्याचा एक घे. अन् अक्षता पडताना पार उघडी ठेव. इसरू नको.”

“का पण?”

“सांगितलं तेवढं कर, बाळा.”

जहिरानं मान डोलावली. तिचा विचार मात्र वेगळा होता, आणि त्याला कारण होतं. आधीच्या हंगामात एका लग्नात तिनं तो क्षण घालवला होता. पांढराशुभ्र अंतरपाट, त्यावर कुंकवाचं लालभडक स्वस्तिक. कॅमेऱ्याचा आपोआप धरणारा फोकस त्या स्वस्तिकावर जाऊन बसला. कापड खाली गेलं, तरी फोकस तिथेच, नुसत्या हवेत. मागची नवरी निघाली पुसट. आयुष्यात एकदाच येणारी ती नजर, आणि फोटोत स्वच्छ काय आलं, तर अक्षतांचे चार दाणे! तो अल्बम हातात देताना जहिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

या वेळी ती कशावरच विसंबली नाही. लग्न दारातच होतं, घरापुढे मांडव. नवरी घराकडे पाठ करून उभी राहणार, नवरा तिच्यासमोर. जहिरानं नवऱ्याच्या खांद्यामागची जागा धरली. आपोआप फोकस बंद केला. नवरीच्या भावाला, रविराजला, आधीच तिच्या पाटावर उभं केलं आणि त्याच्या नाकावर हातानं फोकस लावून घेतला. “दाजीची वाट बघतूय काय रं?” म्हणून मांडव हसला आणि रविराज लाजून चूर झाला. अंतर दहा फूट. पण लेन्स पार उघडी ठेवली, तर नवरी वीतभर जरी पुढे झुकली तरी संपलं. आणि नवऱ्या झुकतात. म्हणून जहिरानं पस्तीस एमएमची लेन्स अकरावर नेली. आता नवरी झुको की डुलो, पुढच्या फेट्यापासून मागच्या घरापर्यंत सगळं स्वच्छ येणार. अब्बांचीच शिकवण तिनं अब्बांच्या हुकुमाविरुद्ध वापरली आणि मनातल्या मनात म्हणाली, बघाच आता.

बारा पस्तीसला अंतरपाट पडला.

फोटो असा आला की जहिरा स्वतःच त्याच्या प्रेमात पडली. मांडवाच्या कापडातून गाळून आलेलं ऊन, हवेत थांबलेल्या अक्षता, गालावर आलेल्या मुंडावळ्या, आणि ज्ञानेश्वरी. खालचा ओठ दातांखाली धरलेला, नजर नुकतीच वर उचललेली. आणि अब्बा म्हणतात तसं सगळा मांडव हजर. मामाच्या फेट्याची कडसुद्धा मोजून घ्यावी. जहिरानं नगरच्या लॅबमधून त्याची वीस बाय तीसची प्रिंट करून आणली आणि मंगळवारी सकाळी शटर वर केल्या केल्या दुकानाच्या दर्शनी काचेत लावली. आता कोणी म्हणू दे, कॅमेरा तर तोच हाय ना.

अकराच्या सुमाराला बाबाजान काळा चष्मा लावून आले. डॉक्टरांनी तासभर दुकानात बसायला परवानगी दिली होती. काचेपुढे ते थांबले. चष्मा वर केला, नव्या डोळ्यानं बघितलं, जवळ गेले, पुन्हा बघितलं. जहिरा काउंटरवर कोपर टेकून ऐटीत उभी होती.

अब्बा आत आले आणि हळूच म्हणाले, “काढ ते.”

“काय?”

“फोटो काढ काचेतून. आदी काढ, मग बोल.”

जहिराचं टाळकं सरकलं. “आयुष्यभर म्हणालात सगळं दिसू दे, सगळं दिसू दे! आता सगळं दिसतंय तर काढ? एक शब्द तर चांगला बोला, अब्बा. इतकं वाईट आलंय का?”

“लई चांगलं आलंय. माज्या हातनं आसं कधी आलं न्हाई,” अब्बा म्हणाले. “चल, दावतो.”

त्यांनी तिचं मनगट धरून तिला बाहेर नेलं आणि काचेवर बोट ठेवलं. नवरीवर नाही. नवरीच्या मागे, मामाचा खांदा आणि मांडवाची मेढ यांच्या मधल्या फटीत. तिथे घराचं दार होतं आणि दाराच्या फळीआड, अर्धी आत अर्धी बाहेर, एक बाई उभी होती. हिरवं लुगडं. पदराचं टोक दातांत घट्ट धरलेलं. एका हातानं चौकट पकडलेली, दुसऱ्या हातात पितळी तांब्या. तांब्या कलला होता आणि त्यातलं पाणी तिच्या पावलांवर सांडत होतं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. चेहरा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा, पण अकरानं त्यातलं काही सोडलं नव्हतं. गालावरचा ओघळसुद्धा.

जहिरानं हा फोटो चार दिवस कॉम्प्युटरवर उघडून बसून सुधारला होता. तिला ही बाई दिसली नव्हती. ती फक्त नवरीकडे बघत होती.

“आक्काबाई,” ती म्हणाली.

तिला रीत माहीत होती. शंभर लग्नं पाहिली होती तिनं. या भागातल्या कितीतरी घरांत लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं. बघितलं तर लेकीच्या संसाराला दृष्ट लागते म्हणतात. मंगलाष्टकं सुरू झाली की नवरीची आई उठते, मागल्या दारी जाते आणि तुळशीला पाणी घालत बसते. टाळ्या आणि वाजंत्री ऐकू आली की समजायचं, झालं लेकीचं लग्न.

“समद्या बघत्यात,” बाबाजान म्हणाले. “बत्तीस वर्सं मी त्या जागंवर हुबा हाय. पयलं कडवं तुळशीपाशी ऐकत्यात. शेवटचं कडवं लागलं की न्हाई राहवत. कुनी दाराआडून, कुनी खिडकीतून, एक माऊली तर धान्याच्या कणगीवर चढली हुती. वाढवलेली लेक हाय, बाळा. कशी राहवंल? पयल्याच वर्सी मी एक फोटो आसाच समदा स्वच्छ काढला. अल्बम घरी गेला, अन् त्या आईला तिच्या सासूनं चारचौघांत लई बोल लावलं. तवापास्नं मी त्या टायमाला लेन्स उघडतो. त्या बघत्यात, मी बघतो, पर फोटोत फकस्त डाग ऱ्हातो. कुनाला बोट ठिवायला जागा न्हाई.”

“मग मला सांगायचं ना, अब्बा!”

“सांगितलं की ती चहाडी झाली. म्हनून न्हाई सांगितलं.” त्यांनी काळा चष्मा खाली ओढला. “चूक माजी हाय. काय करायचं ते सांगितलं, कशापायी ते न्हाई.”

जहिरा वळली ती प्रिंट काढायलाच. आणि जागच्या जागी थांबली. पायरीखाली, हातात कापडी पिशवी घेऊन, आक्काबाई उभी होती. लेकीचे फोटो तयार झाले का विचारायला ती खर्ड्याच्या गाडीतून उतरून थेट आली होती. तिची नजर काचेवर होती. मांडवातल्या बाकी कोणाला दिसलं नसतं, पण तिला सगळ्यात आधी दारच दिसलं होतं.

ती आत आली. बस म्हटलं तरी बसली नाही. दबक्या आवाजात तिनं एवढंच विचारलं, “किती जनांनी बघितला आसंल गं?”

जहिराला रडूच आलं. “मावशी, आज सकाळीच लावला. चुकलं माझं. मी काढते, आत्ता काढते.” तिनं धडपडत काचेमागची प्रिंट उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली.

“आमची कडूबाई बुधवारी बाजारला येती,” आक्काबाई म्हणाली. कडूबाई तिची जाऊ. “तिनं बघितला तर माज्या ज्ञानेश्वरीच्या सासरापतूर जाईल. कालिंदाच्या टायमाला ती बोल्लीच हुती. मयताला आली, अन् समद्यांच्या म्होरं म्हनली, आईची नजर पडली आसंल अक्षता पडताना. मी म्हनलं, न्हाई, शपथ घेते, म्या तुळस सोडली न्हाई.” ती थांबली. “खोटी शपथ घेतली, बाबाजानभाऊ. कालिंदाच्या टायमाला बी म्या बघितलं हुतं.”

एवढं बोलून ती खाली बसली. पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर, दिव्यांच्या मधोमध. नऊ वर्षं हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, देवाला सांगितलं असेल तर तेवढंच.

“आन् ह्या बारीला म्या ठरवलं हुतं. पाय बांधून घालीन पर उठायची न्हाई. तरी उठले. आता हिचं काय हुतंय म्हनून रोज काळीज धडधड करतंय. फोन वाजला तरी अंगाला काटा येतो.”

बाबाजान आतल्या खोलीत गेले. स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग डबे. जहिरानं आक्काबाईला पाणी दिलं. बाबाजान बाहेर आले ते बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन. जहिराला तो डबा माहीत होता. अल्बम लॅबला पाठवायच्या आधी रंग बघण्यासाठी ते पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट काढत, आणि ती नेहमी अक्षतेच्या फोटोचीच असे. काम झालेल्या त्या प्रिंटा डब्यात जात. अब्बांना काही फेकवत नाही, एवढाच तिनं त्याचा अर्थ लावला होता.

त्यांनी एक फोटो काढला. नवरानवरीच्या चेहऱ्यांवर आपला पंजा ठेवला आणि मग तो आक्काबाईपुढे धरला. “नवरी कोन ते इचारायचं न्हाई. हितं बघा. ह्यो जांभळा डाग.”

पुसट दार, आणि दारात एक जांभळा ठिपका. माणूस आहे एवढंच कळत होतं.

“ही तिची आई,” बाबाजान म्हणाले. तो फोटो पालथा ठेवून दुसरा घेतला, पुन्हा पंजा. “खिडकीतला ह्यो पिवळा. ही बी आई.” मग तिसरा. काही फोटो काळपट पडले होते, काही अगदी अलीकडचे. प्रत्येकात मागे कुठेतरी, कुडाच्या फटीत, जिन्यात, पाण्याच्या टाकीआड, एखादा रंग सांडल्यासारखा डाग. बाबाजानना प्रत्येक डाग कुठे आहे ते शोधावं लागत नव्हतं.

“एवढ्या?” आक्काबाई म्हणाली.

“डबा भरलाय, आक्का. ह्यातल्या पुष्कळ पोरी झकास नांदत्यात. काहींची लेकरं कालेजात गेली. काहींचं वंगाळ बी झालं, मी खोटं बोलायचो न्हाई. पर एक आई मला ठावं हाय, तिनं खरंच बघितलं न्हाई. कानात बोटं घालून माज्या डोळ्यांदेखत पाठ करून बसली हुती. तिची लेक चौथ्या म्हैन्यात म्हागारी आली. आता बोला.”

आक्काबाई पालथ्या ठेवलेल्या फोटोंकडे बघत राहिली.

“तुमच्या जावयाची ट्रॉली उलटली. वळन हुतं, ऊस जादा भरला हुता. तुमी तिकडं नव्हता. तुमी नुसतं लेकीकडं बघितलं, अन् तेबी मायेनं. मी बघत हुतो की तुमाला.”

“तुमी तवाच बघितलं हुतं?”

“व्हय.”

“आन् नऊ वर्सं बोल्ला न्हाईत?”

“काय बोलायचं त्यात?” बाबाजान म्हणाले. मग डब्याच्या तळाशी हात घालून त्यांनी आणखी एक फोटो काढला. या वेळी पंजा ठेवला नाही. कालिंदा होती. नऊ वर्षांपूर्वीची, गोबऱ्या गालांची, समोरच्या मुलाकडे बघून हसू आवरत असलेली. तो मुलगाही हसत होता. मागे सगळं विरघळलेलं. त्यात एक लाल डाग, जरासा वाकलेला.

आक्काबाईनं त्या डागावर बोट ठेवलं. “ह्ये लुगडं मी फुडं नेसलेच न्हाई,” ती म्हणाली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. मोठ्यानं नाही. जहिरा तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिचा हात धरून राहिली. बाबाजान काउंटरवरचे पेन एका रांगेत लावत राहिले.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या प्रिंटकडे बघितलं. “ती फिरव बाई जरा.”

जहिरानं प्रिंट फिरवली. आक्काबाई उठून जवळ गेली. दाराकडे तिनं बघितलंच नाही. ती ज्ञानेश्वरीच्या चेहऱ्यापुढे उभी राहिली, इतकी जवळ की तिचा श्वास कागदाला लागावा.

“मला पाठच दिसली हुती,” ती म्हणाली. “दारातून काय दिसनार? पाठ आन् खोपा. एवढं आपल्या हातानं लेकीचं वाटोळं करतेय आसं वाटत हुतं, आन् दिसली नुसती पाठ. तोंड आत्ता बघतेय. ओठ दाबायची खोड अजून हाय बघ. बारकी आसल्यापास्नं.”

जहिराला तिच्याकडे बघवेना. तिला त्या प्रिंटमधल्या दोघी एकदम दिसल्या. पुढे लेक, मागे आई, दोघींचे चेहरे एकाच बाजूला, आणि दोघींनी दातांखाली काहीतरी धरलेलं. एकीनं ओठ, एकीनं पदर. हे तिनं ठरवून काढलं असतं तर तिला कधी जमलं नसतं.

“अल्बममध्ये मी मागचं सगळं पुसट करते, मावशी,” ती म्हणाली. “कॉम्प्युटरवर होतं. दार आहे की भिंत तेसुद्धा कळणार नाही. आणि ही तुमच्यासाठी, लहान करून देते.”

“दे. पर तांब्या दिसू दे. पाय भिजले हुते माजे, मला रातीला कळलं.” आणि ती हसली. नाक लाल, डोळे सुजलेले, पण हसली. मग हातातलं पोस्टकार्ड वर करून बाबाजानना म्हणाली, “ह्यो नेऊ का? कालिंदाचा?”

“तुमचाच हाय.”

“कालिंदा मला एकदा म्हनली हुती, तूच न्हाई बघितलंस, आये. बाकी समद्यांनी बघितलं, पर त्यांच्याशी काय बोलू? माजं तेवढंच एक सुख हुतं, ते तू बघितलं आसतंस तर दोघी मिळून आठवलं आसतं.” आक्काबाईनं फोटो पिशवीत ठेवला, पुन्हा काढला आणि हातातच धरला. “मी खाली मान घालून बसले. म्या बघितलं, येवढं बी मला सांगता आलं न्हाई तिला.”

ती पायऱ्या उतरली. स्टँडात खर्ड्याची गाडी लागली होती, कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. आक्काबाईनं तिकडे बघितलंही नाही. ती डावीकडे वळली आणि तीन गाळे सोडून शिवणक्लासच्या दारात थांबली. आतून मशिनींचा आवाज येत होता. तिनं हाक मारली.

जहिरा स्टुडिओच्या पायरीवर आली होती. कालिंदा गळ्यात टेप अडकवून बाहेर आली. आईनं पुढे केलेला फोटो तिनं घेतला, आणि तो कुठला आहे हे कळताच तिचा हात मागे आला, चटका बसल्यासारखा. आक्काबाई काहीतरी म्हणाली. मग लेकीच्या हातातल्या फोटोवर, नवरीच्या मागे, तिनं बोट ठेवलं.

कालिंदा वाकून बघत राहिली. एक मशीन थांबली, मग दुसरी.

“तू हुतीस?” ती म्हणाली. “आये, तू हुतीस तिथं?”

जहिराला कालिंदाचा चेहरा आणखी एका क्षणात दिसला असता. पण तो बघायला न थांबता जहिरा वळली आणि आत आली.